मदत हवी आहे: गणपतीची पीएल (साठणारी भरपगारी रजा), 60 दिवस आधीचं तिकीट आणि 45 दिवसांची मर्यादा

नमस्कार मंडळी,

ठाण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, गाव कणकवलीकडे. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि मिनिटांत भरतं, म्हणजे रजेचं जुलैतच ठरायला हवं. आमच्याकडे मात्र "बघू, ऑगस्टअखेर सांगतो" हे ठरलेलं उत्तर. डिपार्टमेंट हेडची बाजूही अगदीच खोटी नाही: 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 ला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा हप्ता, 20 ला 3बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न). बाप्पा नेमके त्यांच्या मधोमध येतायत.

दुसरं, माझी पीएल साठून 45 च्या काठाला आलीय. एचआर म्हणतं, वरची लॅप्स होणार. रजा द्यायचीही नाही आणि साठवूही द्यायची नाही, हा कुठला न्याय? कायदा काय म्हणतो?

वाशीकर:
महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017, कलम 18 वाचा. कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. 260 दिवस भरले असतील तर 13. साठवायची कमाल 45, त्यामुळे एचआर अर्धं खरं बोलतंय. उरलेलं अर्धं असं, की तुम्ही 15 दिवस आधी अर्ज केलात आणि मालकाने नाकारला, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे. तोंडी विचारणा धरू नका. मेल करा, नकारही मेलवरच घ्या.

माहेरची_ओढ:
सीएल (किरकोळ रजा) वेगळी बरं का. ती वर्षाला 8, दर तिमाहीला थोडी थोडी जमा होते आणि डिसेंबरअखेर संपते, पुढे जात नाही. आमच्याकडे लोक सीएल राखून पीएल उडवतात आणि 31 डिसेंबरला कपाळावर हात मारतात. आधी सीएल संपवा. सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या आहेतच, त्यातल्या चार ठरलेल्या (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर), बाकी चार कामगारांशी बोलून ठरवायच्या. गणेश चतुर्थी तुमच्या यादीत आहे का बघा. असेल तर सोमवारची रजा टाकायचीच नाही.

वाशीकर:
एक विचारायचं राहिलं. तुमचं पद सुपरवायझर किंवा मॅनेजरचं तर नाही ना? तसं असेल तर हा कायदा लागू होत नाही, अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीची पॉलिसी काय म्हणते तेच बघायचं.

धागाकर्ता:
नाही हो, साधा एक्झिक्युटिव्ह. हाताखाली कुणी नाही. चतुर्थी यादीत आहे, आत्ताच बघितलं!

जुना_चाकरमानी:
कायदा खिशात ठेवा, पण हेडसमोर तो पहिला काढू नका. रजा किती मिळते हे कायदा सांगतो. ती नेमकी कधी, यावर भांडून गणपतीला गाडी मिळत नाही. 3बी कोण भरणार ते तुम्हीच सुचवा. डिपार्टमेंटमध्ये घाटावरचा कुणी असेल, तर त्याला दिवाळीचे दिवस सोडा आणि त्याच्याकडून गणपतीचे घ्या. आम्ही वर्षानुवर्षं असंच चालवलं. आणि दहा दिवस मागू नका, गौरी-गणपती बोळवून परत या.

धागाकर्ता:
आज मेल टाकला. 11 ला जीएसटीआर-1 भरूनच निघतो, 15 चं चलन आधीच तयार ठेवतो आणि 18 ला, शुक्रवारी, कामावर हजर, असं लिहिलं. साताऱ्याच्या सहकाऱ्याला दिवाळी दिली, तो 15 सांभाळेल. हेड "ओके" एवढंच म्हणाले, पण मेलवर म्हणाले. आता 11 च्या रात्रीची तुतारी एक्सप्रेस मिळते का बघायचं. कुणाला तात्काळचा अनुभव असेल तर सांगा, कारण कन्फर्म मिळेल असं वाटत नाही.