आधी दार, मग खेळणी
निपाणीत बिडी कामगारांच्या पोरांसाठी संध्याकाळचं केंद्र काढताना आधी खेळणी-पुस्तकं जमवू, असं काहींचं म्हणणं आहे. जमवा की, पण त्याआधी खोलीचं दार बघा. आमच्या खानापूरकडच्या केंद्रात पहिल्या महिन्यात एक ताई नि आठ पोरं आत, दार ओढलेलं. हेतू चांगला, पण चूकच ती. आता दार सताड उघडं, मोठी माणसं कायम दोन, आणि न्यायला कोण येणार त्याचं नाव वहीत. "मामा आलाय" एवढ्यावर पोर सोडत नाही.

कितीतरी पोरांच्या घरी मराठी नि शाळेत कन्नड. पण घाबरलेलं पोर घरच्याच बोलीत बोलतं, म्हणून दोन्ही जाणणारं एक तरी माणूस ठेवा.

आणि पोरानं नको ते सांगितलं, तर खोदून विचारू नका, गावकीत तर मुळीच मिटवू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर ठळक लिहा. आमच्या एका पोरीनं तो पाटीवर उतरवून घेतला. "मैत्रिणीसाठी," म्हणाली. मी काही विचारलं नाही, शेजारी बसून राहिले.