आउटबोर्डच्या हेडचे बोल्ट: तेल लावून आवळायचे की कोरडे?

पानशेतचा_नावाडी:
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या बचाव बोटीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन पूर्ण खोललंय. टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, २५ एचपी. पिस्टन, रिंगा, गास्केट नवीन आणलंय, आता जोडायचंय. पाऊस लागायच्या आत बोट पाण्यात हवी. मॅन्युअलमध्ये हेडच्या (सिलेंडरवरच्या झाकणाच्या) बोल्टचा क्रम आणि टॉर्क (आवळताना लावायचा पिळाचा जोर) दिलाय, पण किलो-मीटरमध्ये (kgf-m, अंतराचं नव्हे). बोहरी आळीतून आणलेल्या माझ्या टॉर्क पान्यावर न्यूटन-मीटर आहे. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, हाताला कळतं, पाना कशाला? त्यात खोलताना हेडच्या एका बोल्टच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळून आली. बाकीचे तेल लावून आवळू की कोरडे?

भोसरीचा_फिटर:
तार आली म्हणजे त्या भोकातले आटे गेले. आधी ते कर. हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घे, टूलरूमच्या कामाची सवय असलेल्या माणसाकडूनच. तो बोल्ट तसाच लावलास तर अर्ध्या टॉर्कलाच फिरत राहील.

आता तेलाचं. टॉर्क पाना बोल्ट किती ताणला गेला ते सांगत नाही, फिरायला किती विरोध होतोय तेवढंच सांगतो. आपण लावतो त्या जोरातला साधारण ९० टक्के घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. बोल्ट ताणायला १० टक्के राहतो, आणि हेड दाबून धरतो तो हा ताण. आट्यांत गंज, कार्बन असेल तर पाना 'टक' करेल (म्हणजे ठरवलेला टॉर्क आला असं सांगेल) आणि हेड ढिलंच राहील. उलट कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावून मारलास तर ताण वाढतो, आणि ॲल्युमिनियममध्ये आटेच उपटून येतात. म्हणून मॅन्युअलमध्ये त्या बोल्टपुढे जे लावायला सांगितलंय तेच लाव, स्वतःच्या मनाचं काही नको.

भोकं साफ करून हवा मार, डोळ्यांवर चष्मा घालून. बंद भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट खाली जाताना त्याला जायला वाट नसते आणि कास्टिंग तडकतं. मी हे तडे हातात धरून पाहिलेत, केसासारखे बारीक, नुसत्या नजरेला सापडत नाहीत.

क्रम मधून बाहेर. कडेचे आधी आवळले तर मधला फुगवटा तसाच अडकतो. मॅन्युअलमध्ये टप्पे असतील तसे घे, एकदम पूर्ण टॉर्कला जाऊ नकोस. पाना सावकाश, एका दमात ओढ. मध्येच थांबलास तर थांबलेला बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो, आणि तो न हलताच पाना टक करतो. अशा वेळी थोडा सैल करून पुन्हा ओढ.

१ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. पाना कितीपासून कितीपर्यंतचा आहे?

मुरूड_ते_कोथरूड:
काकांनी सांगितलं त्यात खाऱ्या पाण्याची भर घालतो. आमच्याकडे समुद्रात चालणाऱ्या इंजिनांत स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असा धरतो की खोलताना डोकंच तुटतं. दोन धातू आणि मीठ. तिथे मॅन्युअलमध्येच बऱ्याच बोल्टना मरीन ग्रीस सांगितलेलं असतं. धरणाच्या गोड्या पाण्यात हा त्रास खूप कमी. पण बोट पुढे कोकणात न्यायची असेल तर आत्ताच बघून घ्या.

पानशेतचा_नावाडी:
काका, पाना २८ ते २१० चा आहे. क्रँककेसचे (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीचे) ६ एमएमचे बोल्टही त्यानेच केले तर?

भोसरीचा_फिटर:
अजिबात नको. ६ एमएमला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतं, तुझा पाना तिथे मुकाच राहील आणि बोल्ट तुटेल. ५ ते २५ चा छोटा पाना कोणाचा तरी मागून आण. क्रँककेस आवळताना प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून बघ. जड लागला तर तिथेच थांब, बेअरिंग किंवा सील नीट बसलेलं नाही.

मोठा पाना फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) नटाला वापर. तिथे शाफ्टचा टेपर (निमुळता भाग) आणि फ्लायव्हीलचं भोक थिनरने पुसून कोरडं ठेव. फ्लायव्हीलला धरून ठेवते ती टेपरची पकड. चावी (शाफ्टच्या खाचेतला छोटा धातूचा तुकडा) नुसती जागेवर बसवण्यापुरती असते, तेलाने पकड सुटली की ती कापली जाते आणि ठिणगीची वेळ चुकते.