खुळखुळ, बद्द, डुबुक : कानानं ओळखायचे शब्द

सोयाबीन सोंगायला (कापायला) आलं की नाही, हे आमचे मोठे बाबा डोळ्यानं नाही, कानानं ठरवत. धुऱ्याजवळचं, म्हणजे बांधाजवळचं, एखादं झाड वाकवायचे, कानाशी धरून हलवायचे. दाणे शेंगेत सुटे होऊन खुळखुळ वाजले की दुसऱ्या दिवशीसाठी मजुरांना सांगायचे. चार-सहा दिवस इकडेतिकडे झाले आणि ऊन तापलं, की त्याच शेंगा तडतड फुटतात आणि दाणे वावरात सांडतात. खुळखुळ आणि तडतड यांच्यामध्ये वर्षाची कमाई असते.

हे आठवायचं कारण पुतणीची वही. 'ध्वनिदर्शक शब्द' म्हणून तिला यादी दिली आहे : पानांची सळसळ, विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, पैंजणांची छुमछुम. माझं भांडण या यादीशी आहे. ती वस्तूला आवाज चिकटवून मोकळी होते. पण मार्चमधली सागाची पानं सळसळत नाहीत, पायाखाली कडकड मोडतात. सळसळ ओल्या, हलत्या पानांची. आणि खुळखुळ तर कुठल्याच एका वस्तूची नाही. बंद कवचात काहीतरी सुटं झालं की खुळखुळ. तूर असो, पोराचा खुळखुळा असो की खिशातले पैसे.

म्हणून दोन प्रश्न. पहिला : वस्तूचं नाव न सांगता तिची अवस्था सांगणारे आणखी कोणते शब्द तुमच्याकडे आहेत? दुसरा : पुतणीनं वहीत 'सळसळ'ऐवजी 'सयसय' लिहिलं, कारण तिची आजी तसंच म्हणते. बाईंनी लाल रेघ मारली. हे खरंच चूक धरायचं का?

अकोला जिल्ह्यातून

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'बद्द'. उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडे माठ घ्यायला गेलं की आई प्रत्येक माठाला बोटाच्या पेरानं ठोकते. चांगला भाजलेला, बिनतड्याचा माठ खणकन वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तडा डोळ्याला दिसतही नाही कित्येकदा, केसासारखा असतो. खोटा रुपयाही बद्दच वाजायचा, म्हणून दुकानदार चांदीचं नाणं दगडावर आपटून बघत. 'खणखणीत नाणं' आणि 'खणखणीत आवाज' हे त्या परीक्षेतून आलेले दिसतात.

त्याच्याच शेजारचा 'ठणठण' मात्र दुतोंड्या आहे. माणूस आजारातून उठला की ठणठणीत, आणि घरात दाणा नसला की ठणठणाट, वर ठणठणगोपाळ. एकच आवाज, दोन उलटे अर्थ कसे? माझा अंदाज असा : भांडं ठोकलं आणि ठण्ण वाजलं, तर दोन गोष्टी एकदम कळतात. तडा नाही आणि आत काही नाही. पहिलीकडे कान दिला तर तब्येत, दुसरीकडे दिला तर गरिबी. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, पण मला हे पटतं.

पुसदकडून

अकोल्याच्या ताईंचं ठणठण वाचून विहीर आठवली. आमच्याकडे विहिरीत खडा टाकून पाणी बघतात. 'डुबुक' आलं तर पाणी चांगलं, 'चुबुक' आलं तर बुडाशी थोडं, 'ठक्क' आलं तर दोरी गुंडाळून घरी. आणि नुसता आवाज नाही, तो यायला लागलेला वेळही मोजतात. हिशेबानं पडणारा खडा एका सेकंदात साधारण १६ फूट जातो, दोन सेकंदांत ६४. आवाज वर यायला लागणारा वेळ एवढ्या खोलीत नगण्य. आमच्या आज्याला हा हिशेब ठाऊक नव्हता, तो परसात, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापात सांगायचा, 'सात परस'. पण अंदाज फार चुकत नसे.

आता मोटारी आल्या तरी ऐकणं सुटलं नाही. आठवडाभर रात्रीची लाईन (शेतीची वीज) असते. ओलिताला गेलेला माणूस धुऱ्यावर पडलेला असतो, झोपलेला वाटतो, पण कान मोटारीकडे. पाणी धरून चालली असली की तिचा आवाज जड असतो, घुमतो. पाणी तुटलं की मोकळी भर्र पळते. तेवढ्यानं तो उठून बसतो.

जाता जाता : डुबुक वडे खाल्ले आहेत ना सगळ्यांनी? उकळत्या रश्श्यात बेसनाचे गोळे हातानं सोडायचे. नाव तिथल्या तिथं तयार. आवाजावरून नाव पडलेला दुसरा पदार्थ मला तरी आठवत नाही.

मूळ प्रश्न विचारणारा

डुबुक आणि चुबुकमधला फरक सुंदर आहे, धन्यवाद भाऊ. यावरून एक लक्षात येतं का बघा. किणकिण बारीक काचेच्या बांगड्यांची, खणखण जाड धातूची. टिपटिप नळाची, टपटप पावसाच्या मोठ्या थेंबांची. किरकिर रातकिड्याची, करकर जुन्या बैलगाडीच्या चाकाची. 'इ' आला की वस्तू लहान, बारीक, 'अ' आला की मोठी, जाड. 'उ'चं मला नीट जमत नाही. खुळखुळ, डुबुक, गुडगुड, पुटपुट : कशाच्या तरी आत चाललेलं, झाकलेलं. कुरकुर मात्र उघड असते, निदान आमच्या घरात.

अमरावतीहून

नियम एवढा सरळ नाही. चिरचिर आणि चरचर घ्या. फोडणी चरचरते, जखमही चरचरते. त्यात मोठं काय आहे? असे नियम तीन उदाहरणांत बसतात, चौथ्यात फाटतात. आणि 'आट' लागला की आवाज मोठा होतो असं पुस्तकात शिकवतात, पण किलबिलाट मोठा नसतो, पुष्कळांचा असतो. एका चिमणीची चिवचिव, झाडभर चिमण्यांचा चिवचिवाट. 'आट' मोजणी सांगतो, असं माझं मत. कडकडाटात एकच वीज असते हे मान्य, त्यामुळे माझाही नियम फाटलाच म्हणा.

गोंदिया जिल्ह्यातून, जंगलाच्या काठचा

तुम्ही सगळे आवाजाचे शब्द काढून राहिले. ऐकण्याचे कोणी काढत नाही. 'चाहूल लागते', मी काही करत नाही, ती येऊन लागते. 'कानोसा घेतो' तेव्हा मी थांबतो, श्वास धरतो, मुद्दाम ऐकतो. जंगलात आधी चाहूल, मग कानोसा, हाच क्रम.

मोहफुलं वेचायला पहाटे गेलो की वानर हाच आमचा पहारेकरी. त्यानं झाडावरून खोकल्यासारखा आवाज काढला की गुराखी म्हणतो, 'वानर खोकललं.' मग सगळे जागच्या जागी. चितळ ओरडला, सांबर ओरडला तर अजून पक्कं. आता सफारीवाले गाईड याला 'कॉल' म्हणतात, 'कॉल चालू आहे, थांबा.' शब्द वाईट नाही, पण आमचं 'खोकललं' मला जास्त खरं वाटतं. बिबट्याचा आवाज तर डरकाळी नसतोच. लाकडावर करवत चालवल्यासारखा येतो, पुढे-मागे, पुढे-मागे. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, रात्री कोण लाकूड कापून राहिलं?

अमरावतीहून

'चाहूल घेणे' पण लिहितात हो. "त्यानं दाराआडून चाहूल घेतली."

गोंदिया जिल्ह्यातून

लिहितात, पण तिथं कानोसाच बसतो. बोलताना मी तरी ऐकलं नाही.

वर्धा जिल्ह्यातून

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मी लावते. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, मग सळसळ ती सयसय. पुतणीची आजी नियमात आहे. लाल रेघ मारायची तर 'इथे प्रमाण भाषेत लिही' अशी सूचना पुरली असती.

कोणी म्हणेल, हे शब्द तर आवाजाची नक्कल आहेत, नक्कल बोलीप्रमाणे कशी बदलेल? पावशाकडे बघा. मृगाच्या आधी तो ओरडतो आणि आम्हाला 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येतं. हिंदीवाल्यांना तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो. पेरणीच्या घोरात असलेल्याला पेरणी, विरहात असलेल्याला प्रियकर. पक्षी एकच. तेव्हा आजीला सयसय ऐकू आली असेल तर ती तशीच ऐकू आली आहे. माझ्या कानाला तर सयसय जास्त मऊ लागते, कवेलूच्या (कौलांच्या) घरावर कडुलिंबाची फांदी घासावी तशी. टिनाच्या घरात राहणाऱ्यांना हे कळणार नाही, तिथे पावसात शेजारचा माणूसही ऐकू येत नाही.

मूळ प्रश्न विचारणारा

ताई, हे पुतणीला दाखवलं. तिनं वहीत सळसळ लिहून पुढे कंसात 'आजीची सयसय' लिहिलं आहे.

शेवटचा एक, मग मी थांबतो. डवऱ्याचे (कोळपणीचे) बैल चालवताना टाळूला जीभ लावून जो आवाज काढतात, तो देवनागरीत लिहिता येत नाही. च्च नाही, ट्ट नाही, टक नाही. त्याला शब्द आहे का?

अकोला जिल्ह्यातून

चुचकारणे?

पुसदकडून

चुचकारणं बैल शांत करायला, पाठीवर हात फिरवत. हा वेगळा, चालवायचा. थांबा, बाबांना विचारतो.

पुसदकडून

विचारलं. बाबा म्हणे, "त्याले नाव कायले पाह्यजे? बैलाले समजते ना."