गॅरेजची शेड मिळतेय, जळक्या ऑइलचं ठरवा

अभिजित

मंडळी, नमस्कार.

जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळातले मोटरसायकलवाले मिळून, आपापल्या गाड्या स्वतः दुरुस्त करायला जे गॅरेज काढतोय, त्यासाठी शेडचा मालक तयार झालाय. तीच शेड, ढोलांच्या खोलीला लागून असलेली. गाडी उचलायची लिफ्ट, दोन स्टँड, टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा) आणि हत्यारांचं कपाट आत बसतंय, मी मोजून आलो. त्याची अट एकच: जळकं ऑइल एक रात्रही शेडमध्ये ठेवायचं नाही. फरशीला उतार आहे आणि कोपऱ्यात मोरी आहे, त्यामुळे त्याची काळजी मला पटते.

आपल्यातल्या बऱ्याच गाड्यांना मार्च ते ऑक्टोबरची सीझन-पाटी आहे, म्हणजे गाडी फक्त त्याच महिन्यांत रस्त्यावर आणता येते अशी नंबरप्लेट. त्यामुळे फेब्रुवारीत सगळ्यांनाच ऑइल, चेन, ब्रेक बघायचेत. भाड्याच्या घराखालच्या पार्किंगमध्ये घरमालक हात लावू देत नाहीत आणि उघड्यावर ऑइल काढलं तर दंड. शेड हातची जाऊ द्यायची नाही. मी रविवार धरून चाललोय. ऑइलचा उपाय या आठवड्यात सांगा.

सुनील

उपाय इथल्या कायद्यातच आहे. जर्मनीत इंजिन ऑइल विकणाऱ्याने, विकलं तेवढं जळकं ऑइल फुकट परत घ्यायचं असतं. फक्त पावती जपा. ज्याची गाडी, त्याचं ऑइल, त्याचीच पावती. ड्यूक ३९० मोटरसायकलला साधारण १.७ लिटर लागतं, म्हणजे एका कॅनचं काम.

इंजिन कोमट करा, इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट काढा, ऑइल पसरट ट्रेमध्ये गळू द्या. बोल्टला नवा वायसर घाला आणि टॉर्क पान्यानेच आवळा. अंदाजाने आवळलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग हजाराचं काम लाखाला पडतं. नवं ऑइल भरलं की जळकं रिकाम्या कॅनमध्ये, आणि थेट दुकानात. ब्रेक ऑइल आणि कूलंट त्यात अजिबात मिसळायचं नाही. ते वेगवेगळ्या बाटल्यांत, घातक कचऱ्याच्या केंद्रावर.

पण अभिजित, रविवारी इथली दुकानं बंद असतात, कचराकेंद्रही बंद. रविवारी काढलेलं ऑइल सोमवारपर्यंत कुठे ठेवणार? ऑइलचं काम शनिवारीच घ्यावं लागेल.

प्रशांत

शनिवार ढोल-पथकाचा आहे, हे मागच्या सभेत तोंडी ठरलंय. रविवारी शांततेचा नियम असतो, त्या दिवशी टिपरू लागलं तरी शेजारी पोलिसांना फोन करतात. आम्हाला दुसरा दिवसच नाही. शिवाय ढोलांची पानं (ढोलावर ताणायचे पडदे) त्याच भिंतीला टेकवलेली असतात. ऑइलचा हात पानाला लागला तर ते बदलावं लागतं, आणि पानं आम्ही पुण्याहून मागवतो. आधी दरवाजे वेगळे करा, मग बोलू.

नानाकाका

सुनील, ऑइल परत कशाला द्यायचं? आमच्या साताऱ्याकडे गोठ्याच्या वाशांना जळकं ऑइल फासायचे, वाळवी फिरकायची नाही. बैलगाडीच्या आसालाही तेच. गणपतीच्या स्टेजच्या फळ्या दर पावसाळ्यात फुगतात. चार कॅन माझ्याकडे द्या, मी ब्रशने दोन हात मारतो. स्टेजचं मी बघतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

गौरी

नानाकाका, कृपया असं करू नका. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूचा कीस आणि जळून तयार झालेली घातक रसायनं असतात. फळीवरून पावसाने ते मातीत उतरतं, आणि त्या स्टेजवर आपली मुलं अनवाणी नाचतात. फळ्यांसाठी लाकडाचं तेल मी आणून देते.

गॅरेजबद्दल: मला पहिल्या दिवसापासून यायचंय. माझी ड्यूक चाकणला बनलेली. पुण्यात बाबांबरोबर नाना पेठेतून सुटे भाग आणून मी त्यांची स्कूटर उघडायचे, क्लच केबल बदलायचे. इथे आल्यापासून चेनचा ताणही पैसे देऊन बघून घ्यावा लागतो, कारण पाना फिरवायला जागाच नाही. हात विसरायच्या आत हे सुरू व्हायला हवं. जास्तीत जास्त बायकांनी यावं असंही मला वाटतं.

मेधा

अभिजित, करार मंडळाच्या नावाने करू नकोस. आपल्याला करसवलत आहे ती सांस्कृतिक कामासाठी. मंडळाच्या घटनेतल्या उद्देशाबाहेर पैसा गेला तर सवलत धोक्यात येते, आणि खजिनदार म्हणून सही माझी असते. वेगळी संस्था नोंदवा. त्याला सात सभासद लागतात, तेवढे तुम्ही आहातच. विमाही त्याच नावाने घ्या.

आणखी एक. सुनील, तू दुसऱ्याच्या गाडीचं काम पैसे घेऊन करायचं नाहीस. त्यासाठी इथे माइस्टरचं (उस्ताद कारागिराचं) प्रमाणपत्र लागतं. शेजारी उभं राहून शिकव, पाना ज्याचा त्याने धरायचा.

सुनील

मेधाताई, मान्य. पैशाचा विषयच नव्हता. ब्रेकचं काम झालं की गाडी रस्त्यावर जायच्या आधी दुसऱ्या कोणीतरी लिव्हर दाबून बघायचाच, हा नियम भिंतीवर लावू. ट्युफची, म्हणजे गाडीची सक्तीची, तपासणी दोन वर्षांनी येते, तोवर ब्रेककडे कोणी पाहिलंच नाही असं चालणार नाही.

प्रशांत, तुमची प्रॅक्टिस किती वाजता सुरू होते?

प्रशांत

तीनला. सकाळी मराठी शाळा असते, पण ती वरच्या मजल्यावर.

अभिजित

मग हे घ्या. शनिवारी नऊ ते दोन फक्त ऑइल बदलायचं. दोनला ट्रे पुसून, कॅन गाडीत घालून दुकानात. रविवारी चेन, केबल, ब्रेक पॅड, बॅटरी. ऑइलला हात नाही. दारातून गाड्या अंगणाच्या बाजूने आत घेऊ, ढोलांच्या खोलीतून कोणी जाणार नाही. मधल्या भिंतीला प्लायवूड मी स्वखर्चाने लावतो.

प्रशांत

प्लायवूड छतापर्यंत हवं. आणि अडीचनंतर अंगणात गाडी उभी दिसली तर ढोल बाहेर निघत नाहीत. एवढं पाळलं तर आमची हरकत नाही.

नानाकाका

प्लायवूड मी कापून देतो. माप पाठवा. गौरी, लाकडाचं तेल किती लागेल ते मी फळ्या बघून सांगतो.

अभिजित

गौरी, सुनील, मी धरून तिघं झालो. आणखी चार सह्या हव्यात. ज्यांना यायचंय त्यांनी पूर्ण नाव आणि पत्ता मला वेगळ्या मेलवर पाठवा, या सगळ्यांच्या मेल-यादीवर नको.