ट्रियरहून लक्झेंबर्ग: सासूबाईंचे गुडघे, मुलाचे किल्ले आणि हातात एकच दिवस

जुळे_सोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं जर्मनीत ट्रियरला नणंदेकडे चाललोय. मी, हे, सासूबाई आणि सहावीतून सातवीत जाणारे चिरंजीव. नणंदेचे यजमान रोज नोकरीला लक्झेंबर्गला जातात आणि राहतात ट्रियरला. असं का, म्हणून फोनवर विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तिकडचं घरभाडं ऐकलंत तर तुम्ही यायचंच रद्द कराल."

तर एक दिवस लक्झेंबर्ग बघायचं आहे. एकच, कारण बाकीच्या दिवसांचं वेळापत्रक नणंदेने आधीच लावून टाकलंय आणि त्यात बदल सुचवायची माझी हिंमत नाही.

अडचणी सांगते. सासूबाई सपाटीवर सिद्धेश्वर तलावाला आरामात फेरी मारतात, पण पायऱ्या दिसल्या की तिथेच बसकण. आमच्यात अंडंही चालत नाही. (ह्यांचं बाहेरचं मला माहीत नाही, असा ह्यांचा समज आहे, तो तसाच राहू दे.) मुलाला किल्ला पाहिजे. आपला सोलापूरचा भुईकोट बघून बघून त्याला दगड न् दगड पाठ झालाय, आता व्हियांडेनच्या किल्ल्याचे व्हिडिओ लावून बसतो. आणि ह्यांचा एकच धोशा, एवढासा देश एवढा श्रीमंत झाला कसा ते बघायचंय. आता ते बघायला कुठे नेऊ ह्यांना, बँकेत?

बस, ट्राम फुकट असते म्हणतात ते खरं का? फुकट म्हटलं की मला आधी शंकाच येते.

भोंगा

ताई, फुकटाचं आधी मिटवू. खरं आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून देशभरातली बस, ट्राम, रेल्वे सगळी फुकट, पाव्हण्यांनासुद्धा. फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला पैसे पडतात. ट्रामला तिकीट नाही, मशीन नाही, कुणी विचारायला येत नाही. आमच्या सौ. मात्र दोन स्टॉप गेले तरी पर्स उघडून, सुटे हातात धरून बसल्या होत्या.

पायऱ्यांचं म्हणाल तर शहरच दुमजली आहे. खाली आल्झेट आणि पेत्रुस नद्यांच्या दऱ्या, वर कड्यावर जुनं गाव. नकाशात दोन ठिकाणं शेजारी दिसतात आणि जाऊन बघावं तर मधे साठ-सत्तर मीटरचा कडा. म्हणून आजींना घेऊन नकाशाच्या नादी लागू नका, मी सांगतो तसं जा. स्टेशनावरून ट्राम धरायची आणि लाल पुलापाशी उतरायचं. स्टॉपवर 'रूट ब्रेक' लिहिलेलं असतं. तिथूनच उतारावर चालणारी छोटी रेल्वे आहे, ती खाली फाफेनतालला सोडते. खाली थोडं चाललं की कड्याला चिकटलेली लिफ्ट लागते. ती वर जुन्या शहराच्या कडेच्या बागेत काढते. छोटी रेल्वे २०१७ ची, लिफ्ट २०१६ ची, दोन्हींना पैसे नाहीत. लिफ्टची दरीकडची बाजू काचेची आहे. मी नुसता हौसेनं खाली जाऊन परत वर आलो. जावई ओशाळला, पण नात माझ्या बाजूने होती.

वर आलात की गर्दीच्या चौकातून राजवाड्याकडे. दारात पहारेकरी उभा असतो, त्याच्यासमोर फोटो काढून झाला की समोरच्या चॉकलेटच्या दुकानात बसा. तिथे लाकडी चमच्याच्या टोकाला चॉकलेटचा ठोकळा चिकटवलेला मिळतो. गरम दुधाच्या पेल्यात तो बुडवून आपण ढवळत बसायचं. आधी दूध पांढरंच राहतं, मग कडेने तपकिरी रेघा सुटतात, आणि तळाशी जो गाळ राहतो तो नात बोटाने काढून खात होती. दूध तिकडे कोमट म्हणजेच गरम समजतात, एवढं सोसा.

मुलासाठी बॉकचा कडा आहे. ९६३ साली सीगफ्रीड नावाच्या सरदाराने तिथे गढी घेतली आणि त्याच्याभोवती हे सगळं शहर वाढलं. १६४४ पासून स्पॅनिशांनी तो कडा आतून पोखरायला घेतला, पुढे फ्रेंचांच्या वोबाँ नावाच्या किल्ले बांधणाऱ्याने आणखी वाढवला. तोफा, घोडे, भटारखाना, सगळं डोंगराच्या पोटात. पुढे १८६७ मध्ये लंडनला तह झाला, की हा देश तटस्थ राहील आणि तटबंदी पाडायची. पाडायला सोळा वर्षं लागली! बोगदे मात्र सगळे बुजवता येईनात, वरची घरं खचली असती. अजून सतरा किलोमीटर शिल्लक आहेत. दुसऱ्या महायुद्धात लोक त्यातच लपायचे. त्याला भुईकोटाचा खंदक माहीत आहे ना, मग इथे खंदकाचं काम दरीनेच कसं केलंय ते त्याला शोधू द्या.

आजींना आत नेऊ नका. गोल जिना आहे, अरुंद आणि ओलसर. त्यांना बाहेर कॉर्निशच्या रस्त्यावर बाकावर बसवा, तिथून सगळी दरी दिसते.

आता व्हियांडेन. किल्ला चांगला आहे, नाही कशाला म्हणू. पण रेल्वे, मग बस, मग चढ. अर्धा दिवस त्यातच गेला. आणि जो किल्ला दिसतो त्यातलं बरंचसं १९७७ नंतर नव्याने उभं केलेलं आहे. १८२० मध्ये राजाने तो एका व्यापाऱ्याला विकला होता, त्याने छपराचे पत्रे, दारं-खिडक्या सगळं सुटं सुटं विकून खाल्लं.

त्यापेक्षा दुपारी बेलव्हालला जा, जुन्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या बघायला. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर बँकेत नाही, तिथे आहे. स्टेशनावरून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, ती पण फुकट. दक्षिणेकडच्या जमिनीत लोखंड होतं, पण त्यात फॉस्फरस फार, म्हणून पोलाद ठिसूळ निघायचं. १८७९ च्या सुमाराला थॉमस नावाच्या इंग्रजाची रीत आली, भट्टीत चुन्याचं अस्तर देऊन फॉस्फरस बाजूला काढायची. मग तेच हलक्या प्रतीचं खनिज सोन्याच्या भावाचं झालं, आणि भट्टीत उरलेली धातूची मळी खत म्हणून शेतकऱ्यांना विकली. गरिबीमुळे अमेरिकेला चाललेला देश शंभर वर्षं पोलादावर जगला. १९७५ च्या आसपास पोलादाची मंदी आली, तोवर बँका आणि म्युच्युअल फंडांनी बस्तान बसवलं होतं. आज फंडांच्या धंद्यात अमेरिकेच्या खालोखाल हाच देश. केवढा, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यात असे पाच बसून वर जागा उरेल. माणसं सोलापूर शहराहून कमी, त्यातले जवळपास निम्मे परदेशी. शिवाय तुमच्या नणंदेच्या यजमानांसारखे दोन लाखांवर लोक रोज सकाळी हद्द ओलांडून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात.

बेलव्हालला तीन भट्ट्या होत्या. एक चिनी कंपनीने विकत घेतली, सुटी केली आणि जहाजाने घेऊन गेली. शेवटची १९९७ मध्ये विझली. उरलेल्या दोन तशाच उभ्या ठेवल्यात, गंजू न देता, आणि भोवती विद्यापीठ बांधलंय. जिथे खनिज आणि कोळसा मिसळायचे त्या इमारतीत आता वाचनालय आहे. पोरं मान खाली घालून अभ्यास करतात आणि खिडकीतून ऐंशी मीटरची भट्टी दिसते. शेजारच्या कारखान्यात आजही पोलाद निघतं, विजेच्या भट्टीवर. मालक कोण? २००६ पासून आपल्या राजस्थानात जन्मलेले लक्ष्मी मित्तल यांची कंपनी.

माझे वडील सोलापुरात गिरणीत जॉबर होते. भोंग्यावर घर चालायचं आमचं. गिरणी बंद पडली, देणी अडकली, यंत्रं भंगारात गेली. जागेवर काय उभं राहिलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून बेलव्हालला मी तासभर नुसता उभा राहिलो. पाइपावर जुने आकडे रंगवलेले होते, व्हॉल्व्हची चाकं जागेवर होती. कुणीतरी ठरवलं की हे भंगारात द्यायचं नाही. पैसा असला की परवडतं, हे मला कळतं. पण पैसा असलेले सगळेच असं करत नाहीत.

चटणी_भाकरी

काका, मस्त लिहिलंय, पण आजींना परदेशात नेऊन लोखंडाची भट्टी दाखवताय का ओ? त्या पोराला किल्ला द्या की. बारा वर्षांच्या पोराला व्यापाऱ्याने पत्रे विकले काय आणि ठेवले काय, बुरूज दिसला म्हणजे झालं.

मोझेलकाठचा_सोलापूरकर

मी मूळचा अशोक चौकातला, सध्या लक्झेंबर्गमध्ये नोकरीला. काकांचा ट्राम, छोटी रेल्वे, लिफ्ट हा मार्ग शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला मी असाच फिरवतो. काही भर घालतो.

ट्रियरहून रेल्वेने पाऊण-एक तास. फुकट प्रवास लक्झेंबर्गच्या हद्दीत, जर्मन हद्दीतलं तिकीट काढावंच लागतं. दाजी गाडीने आणणार असतील तर परतताना वासरबिलिगला पेट्रोल भरतीलच. आख्खं ट्रियर भरतं, पंपावर सगळ्या जर्मन पाट्यांच्या गाड्या.

पासपोर्ट सगळ्यांचे बरोबर ठेवा, झेरॉक्स नाही, मूळ. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यात ही पण आली. आणि गंमत म्हणजे ज्या शेंगेन व्हिसासाठी तुम्ही मुंबईला खेटे घालणार, ते शेंगेन हे लक्झेंबर्गमधलंच मोझेल नदीकाठचं खेडं. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर सह्या केल्या, कारण तिथे जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग तिन्ही भेटतात. गावात द्राक्षाचे मळे आणि एक संग्रहालय. व्हिसाच्या रांगेत घालवलेल्या वेळाचा सूड म्हणून तिथे फोटो काढणारे भारतीय मी पाहिलेत.

जेवण. दोनला भटारखाने बंद होतात ते संध्याकाळी सहाच्या पुढे उघडतात. आपल्याकडे अडीचला पानं मांडतात, ते इथे चालत नाही. साडेबाराला बसा. शहरात भारतीय हॉटेलं आहेत, आजींना तिथेच न्या. जत्रेत वगैरे बटाट्याचे कुरकुरीत वडे मिळतात, ग्रोम्परकिशेल्शर म्हणतात, बघून कुणीही भुलेल, पण त्यात अंडं असतं. साध्या पाण्याचेही हॉटेलात पैसे लावतात, बाटली पिशवीत ठेवा.

रविवारी येऊ नका, बरीच दुकानं बंद. बोगद्यांची वेळ निघण्याआधी बघा, हिवाळ्यात आणि डागडुजीच्या काळात बंद ठेवतात. आत मे महिन्यातही गारठा असतो, स्वेटर लागेल.

आता माझं खरं मत. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी ट्रियरला असाल, तर हे सगळं ठेवा बाजूला आणि लक्झेंबर्गमधल्याच एश्टरनाख गावाला जा. ट्रियरपासून जवळ आहे. सातव्या शतकाच्या शेवटी विलिब्रॉर्ड नावाच्या साधूने तिथे मठ काढला, त्याच्या समाधीपर्यंत हजारो लोक उड्या मारत जातात. खरोखर उड्या. पांढरे शर्ट, दोघांमध्ये एक पांढरा रुमाल दोन टोकांनी धरलेला, बँडवर एकच चाल तासन् तास, आणि रांगच्या रांग डावीकडे एक, उजवीकडे एक करत पुढे सरकते. २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी डोळे पुसत होती आणि शेजारचा बँडवाला घामाने निथळत होता. आजींना भट्टी नाही कळणार कदाचित, हे सांगावं लागणार नाही. सपाट रस्ता, बसायला कट्टे, पायरी एक नाही.

भोंगा

आजींना भट्टी कळणार नाही हे कुणी ठरवलं? सोलापुरातल्या त्या वयाच्या बाईच्या घरात कुणी ना कुणी गिरणीत किंवा मागावर होतंच. माझी आई असती तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, की माणसं सोडली तेव्हा त्यांना काय दिलं? तिथल्या माणसाला मी विचारलंही. म्हणाला, सरकार, कंपनी आणि युनियन एका टेबलाशी बसले, लवकर निवृत्ती दिली, दुसरं काम दिलं, खर्चासाठी सगळ्यांवर जादा कर बसवला. आपल्याकडे टेबलच नव्हतं.

एश्टरनाखचं मात्र मान्य. ते मला माहीत असतं तर मी पण गेलो असतो.

जुळे_सोलापूरची_सून

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं लिखाण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे वडील मागावर होते, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन आज कळलं. त्या म्हणतात, भट्टी बघायची. पायऱ्या असल्या तर खालून बघेन.

ह्यांनाही बेलव्हाल पटलंय. चिरंजीव रुसलेत. त्यांना बोगदे दाखवून गप्प करायचा विचार आहे, व्हियांडेन बाद. पेंटेकॉस्टचा मंगळवार यंदा २६ मे ला येतोय आणि आमचं परतीचं विमान २५ चं आहे. नणंदेला फोन लावते आता, तिकीट एक दिवस पुढे ढकललं तर तिचं वेळापत्रक कोसळेल, पण विचारून तर बघू.

दादा, एक राहिलं. भट्टीवर वर चढायला तिकीट आहे का, आणि खालून बघायचं असेल तर पैसे पडतात का?

मोझेलकाठचा_सोलापूरकर

भट्टीवर चढायला हंगामात सोडतात, त्याला तिकीट आहे आणि जिने भरपूर. खालून बघायला काही नाही, भट्ट्या चौकातच उभ्या आहेत. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर. आजींना वाचनालयाच्या बाजूला बाक सापडेल.