चाक फेंडरच्या रेषेत यावं म्हणून ऑफसेट कमी करावा का?

रिमवेडा
मूळ रिम ६जे (६ इंच रुंद), ईटी ४५ होते; ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकते ती जागा यांतलं अंतर, मिमीत. ते काढून ७जे, ईटी ३५ घेतले, टायर १८५ मिमी रुंदीच्या जागी २०५. चाक फेंडरच्या रेषेत आलं, गाडी भरलेली दिसायला लागली. तीन आठवड्यांनी चौघं बसून निघालो, वळणावर खड्डा आला आणि मागून खर्रकन आवाज. उतरून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या अंगाला बोटभर पट्टा घासून गुळगुळीत झालेला आणि फेंडरची आत दुमडलेली पत्र्याची कड रंग उडून चकाकत होती.

हिशोब नंतर केला. एक इंच, म्हणजे २५.४ मिमी रुंदी वाढली की रिम दोन्हीकडे १२.७ मिमी वाढतो. ऑफसेट १० ने उतरवला की अख्खं चाक १० मिमी बाहेर. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर आणि आतली जेमतेम २.७ मिमी आत! माझं मत ठाम झालंय: मूळ ऑफसेटच्या ५ मिमीपलीकडे जाऊच नये.

पानापक्कड
असहमत. रुंद रिमला ऑफसेट थोडा उतरवावाच लागतो. ७जे ईटी ४५ घेतला असतात तर आतली कड १२.७ मिमी स्ट्रटकडे (चाकाच्या आतल्या बाजूच्या सस्पेन्शनच्या उभ्या खांबाकडे) सरकली असती, मग पुढची चाकं तिथे घासली असती. कंपन्यासुद्धा एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला रुंद रिम आणि वेगळा ऑफसेट देतात. आणि फेंडरला रिमची कड लागत नाही, टायरचा फुगवटा लागतो. तो इथे अंदाजे २० मिमी बाहेर आलाय: १० जास्त रुंद टायरचे, १० ऑफसेटचे. निम्मा दोष टायरचा आहे.

सरळ_स्टिअरिंग
घासणं कानाला कळतं तरी. पुढच्या चाकांचं काय? स्टिअरिंगचा तिरका आस जमिनीला टेकतो तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य, यांतल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. चाक बाहेर नेलं की मध्यही बाहेर सरकतो. एका बाजूचं चाक वाळूवर असताना ब्रेक दाबा, स्टिअरिंग हाताला हिसका देतं. बेअरिंगवरचा तिरपा भार वाढतो तो वेगळाच. दिसण्यासाठी हे पत्करणं मला अजिबात पटत नाही.

पानापक्कड
१० मिमीला मीही हो म्हणणार नाही. पण ५ ची लक्ष्मणरेषा सगळ्या गाड्यांना कशी लागू होईल? एखाद्या गाडीत मागे ३० मिमी मोकळी जागा असते, एखादीत १० सुद्धा नसते. आकडा गाडीवर मोजून ठरवा.

नवशिका
मूळ रिम ठेवून हब आणि रिमच्या मध्ये ५ मिमीचा स्पेसर (चकती) टाकला तर?

सरळ_स्टिअरिंग
ईटी ४५ चा ४० होईल, परिणाम तोच. शिवाय १२ मिमी स्टडवर (चाकाचा नट बसतो त्या बोल्टवर) दीड मिमीचा आटा असेल तर नटाचे तीन वेढे कमी बसतील. तेवढी पकड उरत नसेल तर लांब स्टड बसवल्याशिवाय स्पेसरला हात लावू नका. आणि नव्या रिमचं मधलं भोक ७३.१, हब ५४.१ मिमी असेल तर मधली फट भरणारी हब रिंग हवीच. नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं.

रिमवेडा
काल मोजलं. गाडी स्टँडवर घेतली, मागची स्प्रिंग काढली, जुनं चाक लावलं आणि जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाक वर जाण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरापर्यंत) वर नेलं. टायर आणि फेंडरच्या कडेमध्ये १४ मिमी उरले. २० तिथे मावणारच नव्हते. आता ६.५जे, ईटी ४२ आणि १९५ चा टायर घेतोय: बाहेर ५ अधिक ३, म्हणजे ८. मोकळे ६ राहतील.

पानापक्कड
चांगला निर्णय. पैसे देण्याआधी एक रिम पुढे लावून बघा. कॅलिपरवर (डिस्क ब्रेक पकडणाऱ्या भागावर) मातीची छोटी गोळी चिकटवा, चाक हाताने फिरवा. गोळी किती दबते त्यावरून आऱ्यांमागची जागा कळते, ऑफसेटच्या आकड्यावरून ती कळत नाही. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) तपासा.

सरळ_स्टिअरिंग
मागे ठीक आहे. पुढे मात्र मी ईटी ४५ च ठेवला असता.