मदत हवी आहे: मीडियाविकीवर वाचनाचे हक्क पानागणिक ठेवता येतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही निफाडकडचे काही द्राक्ष बागायतदार मिळून मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर, नोंदी ठेवतो. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी), डावणी-भुरी या रोगांची लक्षणं, फवारण्या, सगळं मराठीत.

गेल्या आठवड्यात एका पानावर औषधाचं प्रमाण लिटरला 2 ग्रॅमचे कुणीतरी 20 केले. खातं नाही, नुसता आयपी पत्ता. इतिहासात जाऊन उलटवलं, पण कुणी तसंच मारलं असतं तर घडच जळाले असते. त्या रात्री झोप लागली नाही.

मग लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अनामिकांचा संपादनाचा आणि खातं उघडण्याचा हक्क बंद केला. ते नीट चाललंय.

आता अडलंय ते असं: रोगांची माहिती सगळ्यांना दिसावी, पण ज्याच्या त्याच्या फवारणीची वही फक्त सभासदांना. संपादनासाठी पान सुरक्षित करता येतं, वाचनासाठी मात्र मूळ मीडियाविकी पानागणिक कुलूप देत नाही असं कळलं. मग दोन वेगळे विकी करावेत का? मला तेच बरं वाटतं. शिवाय रेसिड्यू रिपोर्टचे (द्राक्षांत उरलेल्या औषधाच्या तपासणीचे) फोटो थेट लिंकने कुणालाही उघडतात. इमेज-ऑथ, म्हणजे फाइल दाखवण्याआधी वाचनाचा हक्क तपासणारी मीडियाविकीची सोय, लावलेलं कुणी आहे का?

आणखी एक. मूळ भाषा मराठी केली, तरी जुन्या खात्यांना मेनू इंग्रजीतच दिसतो. खात्याच्या पसंतीत (प्रेफरन्सेसमध्ये) जाऊन बदललं की होतं, पण आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ते जमत नाही. सर्व्हरवरून एकदम सगळ्यांचं बदलता येईल का?

नाशिकात कुणी असाल तर लॅपटॉप घेऊन मीच येतो.